उबदार किनाऱ्यावरील क्रिलचा हंगाम

कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवताना क्रिल या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या छोट्या समुद्री जीवाचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर अंटार्क्टिकाचा बर्फ आणि देवमासा एवढेच उभे राहते. ते खरे असले तरी अपुरे आहे. क्रिलच्या ऐंशीहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या कित्येक उष्ण समुद्रांत, काही तर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सुकट म्हणून मिळणारा जवळा मात्र क्रिल नव्हे. तो कोळंबीच्या गणातला असून त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात, तर क्रिलचे उघडे दिसतात.

अंटार्क्टिक क्रिल सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षे जगतो. निक्टिफॅनीस या किनारी प्रजातीतले जीव जेमतेम १ ते २ सेंटिमीटरचे असतात आणि त्यांचे आयुष्य साधारण वर्षभराचे असते. उबदार पाण्यात शरीराचे व्यवहार वेगाने चालतात, कात वारंवार टाकली जाते आणि जीव लहान आकारातच प्रजननक्षम होतो. परंतु प्रत्येक कातीगणिक तो वाढतोच असे नाही. अन्न कमी पडले तर कात टाकल्यावर क्रिल आधीपेक्षा आखूडही होऊ शकतो, त्यामुळे केवळ लांबीवरून त्याचे वय सांगता येत नाही. म्हणूनच संशोधक पकडलेला जीव काही काळ जिवंत ठेवतात, त्याने टाकलेल्या कातीवरचा पुच्छपंख आणि नव्या शरीरावरचा पुच्छपंख मोजतात आणि दोहोंतील फरकावरून त्या वेळची खरी वाढ काढतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे त्या जीवाला नुकतेच किती अन्न मिळाले होते, याचाही अंदाज येतो.

प्रजननातही किनाऱ्याची अट दिसते. अंटार्क्टिक मादी हजारो अंडी पाण्यात सोडते आणि ती शेकडो मीटर खोल बुडत जाऊन उबतात. उथळ किनाऱ्यावर एवढी खोली नसते. सोडलेली अंडी तळाच्या चिखलात जाण्याचा धोका असतो. निक्टिफॅनीस आणि आपल्या हिंदी महासागरातही आढळणारी स्यूडयुफॉसिया लॅटिफ्रॉन्स यांच्या माद्या अंडी उबेपर्यंत छातीखालच्या पिशवीत वागवतात. अंडी त्यामुळे कमी असतात, पण अन्न मिळत राहिले तर मादी पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते.

आता हंगामाचा प्रश्न. ऊब जास्त म्हणजे वीण जास्त, असा समज सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात निक्टिफॅनीस सिम्प्लेक्सचा बहर हिवाळ्यात आणि वसंतात असतो, कारण त्या काळात वाऱ्यांमुळे खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतो. निळे देवमासेही तेव्हाच तेथे चरायला येतात. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापून पाण्याचे थर वेगळे राहतात, अन्न आटते आणि क्रिलची संख्या घसरते. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस उष्ण, पोषणहीन पाणी दक्षिणेकडे पसरले, तेव्हा निक्टिफॅनीस ऑस्ट्रॅलिस अत्यंत दुर्मीळ झाला आणि त्याच्यावर पोसणाऱ्या जॅक मॅकरेल माशांचे पृष्ठभागावरचे थवेही दिसेनासे झाले. उष्णता केवळ देहाची गती वाढवते, आणि गती वाढली की भूकही वाढते.

अरबी समुद्रात खालचे पोषक पाणी वर आणण्याचे काम नैऋत्य मोसमी वारे करतात. गगनबावड्यावर कोसळणारा आणि पंचगंगेला पूर आणणारा पाऊस ज्या वाऱ्यांबरोबर येतो, त्यांच्याच हंगामात, जून ते सप्टेंबर या काळात, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचे पाणी वर सरकते. कोकणाच्या उत्तर भागाकडे हा परिणाम मंदावतो आणि नद्यांचे हलके गोडे पाणी वर पसरून खालच्या पाण्याची वाट अडवते. शिवाय वर येणाऱ्या या पाण्यात प्राणवायू अतिशय कमी असतो. अन्नाची सुबत्ता आणि श्वासाची टंचाई अशी एकाच वेळी येते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर एखाद्या क्रिलजातीची वीण अभ्यासायची असेल तर पाण्याचे तापमान आणि प्लवक यांच्याबरोबर तळाजवळच्या प्राणवायूची नोंद त्याच दिवशी, त्याच ठिकाणी घ्यावी लागते.