पसरणी घाट उतरताना

जानेवारीतला रविवार होता. पुण्यातल्या एका साहेबांकडे मी अधूनमधून ड्यूटीला जातो. साहेबांचा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि त्यांच्या आईच्या पंच्याहत्तरीचं जेवण पाचगणीला ठेवलं होतं. माणसं दहा, गाड्या तीन. साहेबांची इलेक्ट्रिक मी चालवायची. बंगळूरला नोकरी करणारा त्यांचा भाचा भाड्याची ऑटोमॅटिक घेऊन येणार होता. तिसरी गाडी साहेबांच्या काकांची, 1999 ची पांढरी मारुती 800.

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. नवीन गाडी हातात आली की पहिली दहा मिनिटं मी गाणी लावत नाही, कुणाशी बोलत नाही. ब्रेक कुठे धरतो, पिकअप कसा आहे, गाडी वळणाला किती झुकते, हे आधी पायाला कळावं लागतं. आठशेला ब्रेक मारताना मांडीपासून जोर लावावा लागतो. इलेक्ट्रिकचं उलटं आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतःच आवरती होते, कारण तीच मोटर तेव्हा डायनॅमोसारखी फिरून बॅटरीत वीज भरते. एका गाडीची सवय दुसरीत नेली की घात होतो.

सकाळी सहाला काकांनी चोक ओढून आठशे सुरू केली. कार्ब्युरेटरची गाडी, थंडीत तिला तीन-चार मिनिटं द्यावी लागतात. भाचा म्हणाला, "काकाआजोबा, अजून किती दिवस ओढणार हिला?" काका म्हणाले, "2014 ला, 2019 ला, 2024 ला, तीनदा परत पासिंग करून आणलीय. ती थांबेल तेव्हा मीही थांबेन." भाच्याचंही चूक नव्हतं. गाडी तो महिन्यातून दोनदा वापरणार. त्यासाठी हप्ता, विमा आणि पार्किंगचं भाडं कोण भरणार? फोनवरून गाडी बुक करायची, चारी बाजूंचे फोटो काढायचे, चालवायची, परत द्यायची. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या या गाड्या आता प्रत्येक सोसायटीत दिसतात.

जाताना विशेष काही घडलं नाही. खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला वळून वाई गाठली. पसरणी घाटाच्या मध्यावर काका कडेला थांबले, आठशेचा काटा वर गेला होता. बॉनेट उघडून त्यांनी वीस मिनिटं वाट पाहिली. रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. गरम असताना ते झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

इलेक्ट्रिक घाट चढली ते कळलंसुद्धा नाही, पण चार्ज भराभर उतरत होता. पुण्यातून शंभर टक्क्यांवर निघालो होतो, पाचगणीला 38 उरले. कागदावर तीनशेच्या पुढे चालणारी ही गाडी घाट आणि चार माणसं धरून तेवढी कुठली चालायला! हॉटेलवाल्यानं स्वयंपाकघरामागचा 15 अँपिअरचा सॉकेट दिला. तिथे ताशी तीन युनिटच्या आसपास वीज मिळते. जेवण, केक, फोटो होईस्तोवर चार तास गेले आणि आकडा 71 झाला. साहेब म्हणाले, पूर्ण भरूनच निघू. मी नको म्हटलं. डबा काठोकाठ भरला असेल तर उतारावरची वीज घ्यायला जागा राहत नाही, मग पाय उचलल्यावर मिळणारी ती आवर जवळजवळ नाहीशी होते. उतरायच्या आधी बॅटरी थोडी रिकामीच बरी.

साडेपाचला निघालो. पुढे काका, मध्ये भाचा, मागे मी. आजी हौसेनं नातवाच्या गाडीत बसल्या होत्या. डाव्या हाताला कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसत होतं, उन्हं कलली होती.

दोन-तीन किलोमीटर झाले असतील. भाच्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे विझतच नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. वळणावर लाल, सरळ रस्त्यावरही लाल. काकांच्या आठशेचा दिवा मात्र वळणाच्या तोंडाशी जेमतेम लुकलुकायचा, कारण ते सेकंडमध्ये उतरत होते. भाच्यानं गाडी डी मध्ये, म्हणजे गिअर गाडीनंच बदलायचे अशा खाच्यात, टाकून सोडून दिली होती. या ऑटोमॅटिकला उतार कळत नाही. ॲक्सिलरेटर दाबलेला नाही आणि वेग वाढतोय, एवढं पाहून ती वरचा गिअर टाकते, आणि मग इंजिन गाडीला धरूनच ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. काच थोडी खाली केली तर वास आलाच. क्लचचा वास वेगळा, कागद जळल्यासारखा. हा उग्र होता, नाकात चिकटणारा. पॅड तापले होते.

डिपर मारला, हॉर्न दिला. त्याला वाटलं मला पुढे जायचंय, त्यानं डावीकडे घेऊन हात दाखवला. साहेबांना म्हटलं, फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. त्याचं पहिलंच वाक्य ऐकून माझे हात गार पडले. "मामा, ब्रेक खाली खाली जातोय."

मी मोठ्यानं पण सावकाश बोललो. "घाबरू नको. ब्रेकवरून पाय काढ. लिव्हर बाजूला एम मध्ये, मॅन्युअलला, घे. आता एक गिअर खाली. इंजिन ओरडेल, ओरडू दे. अजून एक खाली." पुढची गाडी नाकावर दाबल्यासारखी मंदावली. "पार्किंग लाइट लाव. ब्रेक दोन-तीनदा पंप करून बघ, आला का?" "थोडा येतोय." पुढच्या वळणाआधी डोंगराच्या कडेला मोकळी जागा होती. तिथे त्यानं चालण्याच्या वेगानं गाडी आत घेतली. मी उतरून पळतच आधी चाकाला दगड लावला. तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढायचा नाही, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवायची.

पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. भाचा पाण्याची बाटली उघडत होता, मी त्याचा हात धरला. लाल तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकते. तो थरथरत होता. आजींना काय झालं ते कळलंच नव्हतं. त्यांनी पिशवीतून स्ट्रॉबेरी काढल्या आणि सगळ्यांच्या हातावर दोन-दोन ठेवल्या.

पाऊण तास थांबलो. पेडल पुन्हा घट्ट लागलं, तरी ती गाडी मी कुणाला चालवू दिली नाही. आजींना इलेक्ट्रिकमध्ये बसवलं, ती भाच्याच्या हाती दिली आणि साहेबांना त्याच्या शेजारी बसायला सांगितलं. मी भाड्याची गाडी एकटाच घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वाईत उतरवली.

काका वाईच्या अलीकडे वाट बघत उभे होते. गाडीतून उतरताना भाचा मला म्हणाला, "मामा, आकडा 73 झाला. वर 71 होता."

बसस्टँडजवळच्या मिस्त्रीनं टॉर्च धरून ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं. आत कोरा काळा चहा असावा तसं ऑइल. काकांनी न बोलता आठशेचं बॉनेट उघडून त्यांची डबी दाखवली, पातळ मधासारखी स्वच्छ. दर दोन वर्षांनी ते बदलतात. हे ऑइल हवेतली ओल धरतं. ओल धरलेलं ऑइल तापलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही. गाडी ताब्यात देताना भाच्याकडून ओरखड्यांचे सतरा फोटो मागितले होते. हे झाकण कधी उघडलं होतं, ते कंपनीच्या फोनवरच्या मुलीला सांगता आलं नाही. गाडी तिथेच ठेवतोय असं सांगून किल्ली मिस्त्रीकडे दिली. भाड्याच्या गाडीचा मला राग नाही. पण रोज वेगळा पाय पडणाऱ्या गाडीची देखभाल घरच्या गाडीपेक्षा जास्त व्हायला हवी, आणि घ्यायच्या आधी बॉनेट उघडून बघायचा हक्क घेणाऱ्यानं सोडू नये.

इलेक्ट्रिक मी पुन्हा हातात घेतली, भाचा माझ्या शेजारी बसला. आजी आठशेत बसल्या, ज्यांना जागा उरली नाही ते एसटीनं आले. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत भाचा गप्प होता, मग एकेक विचारत राहिला. न्यूट्रलवर उतरलं तर पेट्रोल वाचतं का? मी म्हटलं, नाही. आताची इंजिनं गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं आणि गाडी मोकाट सुटते.

बुधवारी त्याचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळे आहात का? दिवे घाटात घेऊन चला. काकाआजोबा आठशे देतायत."

मी म्हटलं, "सकाळी सहाला ये. चोक तू ओढायचास."