काळा ठिपका जपा, बाकी सगळं दुरुस्त होतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नव्वदच्या दशकात सगळे ज्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचे, तो वरून कॅसेट खोचायचा डबा अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहे. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हा गेमचा डबा आणला, त्याचीच ही नक्कल. कॅसेटला ६० पिना.

डबा उघडला की दोनपैकी एक प्रकार दिसतो. जुन्या बोर्डावर ४० पायांच्या दोन मोठ्या चिपा असतात. नंतरच्या बोर्डावर चिप दिसतच नाही, डांबर सांडल्यासारखा एक काळा ठिपका दिसतो. प्रोसेसर, चित्र काढणारा भाग, आवाज, सगळं त्या ठिपक्याखाली असतं. तो जळला तर बदलायची सोय नाही. रेग्युलेटर, कपॅसिटर, वायरी, बटणं, कॅसेटचा सॉकेट हे मात्र घरच्या टेबलावर नीट होतं. म्हणून रिपेरीचा क्रम ठिपक्याकडे बघून ठरवायचा: आधी वीज, मग सॉकेट, मग कंट्रोलर. चित्र सुधारायचं काम सगळ्यात शेवटी. बंद पडलेल्या डब्यावर आधी एव्हीचं (पिवळ्या-पांढऱ्या सॉकेटमधून टीव्हीला जोडायचं) काम केलं, तर दोष जुना की आपण नव्याने घातलेला, हे कळायला मार्ग राहत नाही.

हे डबे मरतात ते बहुतेक अडॅप्टरने. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. मूळ फॅमिकॉम आणि सेगा कंपनीचा पहिला मेगा ड्राइव्ह हा गेमचा डबा यांच्या पिनेत मधला भाग मायनस असतो, मेगा ड्राइव्ह २ मध्ये मधला प्लस. नकली डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात, आणि झाकणावरच्या खुणेवर विसंबू नये. अडॅप्टर न लावता मल्टिमीटर बझरवर (जोड सलग असला की वाजतो तो) ठेवा, एक टोक आरएफच्या (टीव्हीच्या अँटेनात जाणारा सिग्नल बनवणाऱ्या) पत्र्याच्या डबीला लावा (ती ग्राउंडला असते) आणि दुसरं जॅकच्या मधल्या काडीला. बझर वाजला तर मधला मायनस. नाही वाजला तर जॅकची बाहेरची पट्टी तपासा, ती वाजली तर मधला प्लस. दोन्हीकडे वाजत नसेल तर स्विच किंवा चार डायोडचा ब्रिज (एसीची डीसी करणारा) वाटेत आहे, तिथपर्यंत वायर माग काढत जा. खात्री झाली की प्लसच्या वाटेत एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देतो तो) कायमचा घाला, त्याच्यावरचा पट्टा बोर्डाच्या बाजूला. व्होल्टेज ०.७ ने उतरतं, पण उद्या घरातल्या कुणी उलटा अडॅप्टर लावला तरी ठिपका वाचतो. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच पहिली करावी.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मोकळा मोजला की १२ ते १४ येतात. तो बिघाड नव्हे, लोड लागला की उतरतो. पुढे ७८०५ रेग्युलेटर, तो व्होल्टेज पाचवर आणतो. छापलेली बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. आउटपुटला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत आणि त्यासाठी इनपुटला निदान ७ तरी लागतात. पाच येत नसतील तर लगेच ७८०५ बदलू नका. वीज काढून पाच व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. बझर सरळ वाजला तर शॉर्ट पुढे आहे, नवा रेग्युलेटर तिथे नुसता तापेल. तसा तो तापतोच: इनपुटला ९ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर असेल तर चार व्होल्टचा फरक म्हणजे २ वॅट निव्वळ उष्णता. हीटसिंकचा (उष्णता ओढणाऱ्या पत्र्याचा) स्क्रू सैल असेल तर गेम दहा-पंधरा मिनिटं चालून अडकायला लागतो. जुनी पेस्ट पुसा, नवी पातळ लावा, स्क्रू आवळा.

पडद्यावर दोन काळसर आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर इनपुटचा मोठा कपॅसिटर सुकला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून गेल्यावर ती लहर १०० ची होते, म्हणून ५० हर्ट्झच्या चित्रावर पट्टे दोन. बहुतेक तिथे १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा असतो. बदलताना २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा घ्या. मोकळ्या अडॅप्टरचे १४ व्होल्ट १६ च्या फार जवळ जातात.

आता सॉकेट. इथे आपल्या जिल्ह्याची हवा मध्ये येते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या डब्यांत पिनांवर हिरवट थर चढतो, कारण पावसाळाभर दमट हवा. अथणीकडे धूळ. कॅसेटच्या पट्टीवर आधी पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने पूर्ण झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहून धूळ धरतं. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणं सोडा की! तोंडातली वाफच तो हिरवा थर वाढवते.

सॉकेटच्या कुठल्या भागात दोष आहे ते चित्रच सांगतं. या ६० पिनांत एका टोकाकडच्या, १ ते १६ आणि मागच्या ३१ ते ४६, प्रोसेसरच्या (४५ आणि ४६ आवाजाच्या). दुसऱ्या टोकाकडच्या चित्राच्या. गेम चालू आहे, संगीत बरोबर आहे, पण अक्षरं आणि माणसं विस्कटली, तर चित्राकडचं टोक खराब. एकरंगी पडदा येऊन काहीच सुरू होत नसेल तर प्रोसेसरकडचं. मूळ फॅमिकॉमच्या मांडणीत आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जाऊन ४६ मधून परत येतो, त्यामुळे एकाच कॅसेटला आवाज नसेल तर आधी त्या दोन पट्ट्या घासा. सॉकेटची जीभ आत दबली असेल तर सुईच्या टोकाने अगदी किंचित वर घ्या, जास्त ओढली की तुटते.

कंट्रोलरचं लवकर उरकतं. मूळ मांडणीत पाच वायरी असतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. सगळी बटणं गेली तर वायर तुटली आहे, आणि ती बहुतेक डब्याच्या किंवा कंट्रोलरच्या तोंडाशीच तुटते. तिथली पाच सेंटिमीटर कापून पुन्हा डाग द्या. रंगांवर विश्वास नको, कापण्याआधी फोटो काढा. एकच बटण गेलं तर रबराखालची काळी टिकली झिजली. रोध मोजून एक-दोन किलोओहमच्या आत आला तर टिकली ठीक, नुसती पुसा. नाहीतर टाकून दिलेल्या टीव्ही रिमोटची टिकली कापून चिकटवा. ॲल्युमिनियमचा कागद काही दिवस चालतो, मग सुटून दुसऱ्याच पट्टीला चिकटतो.

चित्र स्वच्छ हवं असेल तर आरएफ सोडून एव्हीवर यावं लागतं. आरएफच्या डबीत बहुधा चार वायरी जातात. ग्राउंड आणि पाच व्होल्ट मीटरने ओळखा. उरलेल्या दोन्ही, एकेक करून, १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून टीव्हीच्या पांढऱ्या ऑडिओला जोडा. एकीवर गेमचं संगीत वाजेल, दुसरीवर कर्कश भणभण येईल. भणभण करणारी ती व्हिडिओ. तिच्यावर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस बोर्डाकडे, मग ७५ ओहमचा रोध, मग पिवळा सॉकेट. काही बोर्डांना एवढं पुरतं.

चित्र अंधारं किंवा थरथरतं आलं तर सिग्नल कमजोर आहे, एक ट्रान्झिस्टर घाला: २एन३९०६. सपाट बाजू आपल्याकडे असताना डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. व्हिडिओची वायर बेसला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटरपासून ३०० ओहमने पाच व्होल्टला. आउटपुट एमिटरवरूनच, वरच्याच कपॅसिटर आणि रोधातून. दोन चिपांच्या बोर्डावर व्हिडिओ थेट चित्राच्या चिपच्या २१ नंबरच्या पायावरून घेता येतो. काम झाल्यावर आरएफच्या डबीची व्हिडिओ आणि पाच व्होल्टची वायर सोडवा, नाहीतर ती सिग्नल ओढत राहते. उभ्या फिकट रेघा दिसल्या तर व्हिडिओला जाळीची वायर वापरा, तिचा मार्ग डेटाच्या रेघांपासून लांब ठेवा.

या स्वस्त तपकिरी बोर्डांचं तांबं फार लवकर उचकटतं. शिशाचं ६०/४० सोल्डर, टोक ३५० डिग्रीच्या आत, एका ठिकाणी तीन सेकंद, बस. नाही विरघळलं तर थांबा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा, मग पुन्हा.

एव्ही करूनही रंग आला नाही तर क्रिस्टलवरचा (बोर्डावरच्या धातूच्या छोट्या डबीवरचा) आकडा वाचा. २१.४७ असेल तर बोर्ड एनटीएससी, २६.६० असेल तर पाल (टीव्हीवर रंगीत चित्र पाठवायच्या या दोन पद्धती). जुन्या फक्त पालवाल्या टीव्हीवर पहिला काळा-पांढरा दिसणारच, क्रिस्टल बदलून तो सुधारत नाही. नवे एलईडी टीव्ही बहुधा दोन्ही घेतात. गेमची बंदूक मात्र एलईडीवर चालणार नाही. तिला पिक्चर ट्यूबवर रेघ ज्या क्षणी उजळते तोच क्षण हवा असतो. त्यासाठी जुना टीव्ही ठेवलात तर त्याचं मागचं झाकण उघडू नका, वीज काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.

मृगाचा पाऊस यायच्या आधी कॅसेट काढून डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दिवाळीच्या सुमाराला पुड्या बदला.