ओला कचरा घरातच जिरवा, खरंच जमतं

कचरा कमी करायचा म्हटलं की सगळे आधी कापडी पिशवीवर येतात. पिशवी हवीच, २६ जुलै २००५ ला गटारं प्लास्टिकने तुंबून काय झालं ते आपण मुंबईकरांनी बघितलंय आणि २०१८ पासून तर राज्यात बंदीच आहे. पण घरातला कचऱ्याचा डबा एकदा उचलून बघा, जड काय लागतं? भाजीची देठं, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, विटलेली आमटी. वजनात सगळ्यात मोठा वाटा ओल्याचाच, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कारण हा कचरा आपल्या दारातून गेला तरी मुंबईतच राहतो ना. ओला-सुका सगळा मिळून रोज सहा हजार टनांच्या वर निघतो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ ला बंद झालं, देवनार १९२७ पासूनचं, आता बहुतेक गाड्या कांजूरला जातात आणि वाऱ्याची दिशा बदलली की कन्नमवार नगरातल्या लोकांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ढिगाच्या पोटात ओलं दबलं की हवा मिळत नाही, मग ते सडून मिथेन तयार होतो, आणि मिथेन पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, गोवंडी-चेंबूरच्या लहान मुलांनी तो धूर श्वासात घेतला. आपल्या किचनमधली सालं तिथे पोचतात हो!

घरात जिरवायला, म्हणजे कुजवून त्याचं खत करायला, जागा फार लागत नाही. माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये झाकणाची एक बादली आहे, बाजूला आणि खाली भोकं पाडलेली, खाली ताटली. तळाला सुकी पानं, वर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर मूठ-दोन मूठ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडायचं म्हणजे कुजायचं काम लवकर सुरू होतं. दोन-तीन दिवसांनी ढवळायचं, हवा खेळली पाहिजे, सगळी गंमत त्या हवेत आहे. शेजारच्या काकू अजून विचारतात, "अगं, वास नाही का येत?" नाही येत काकू, वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी झालं की. मूठभर घेऊन दाबून बघायचं, पाणी गळलं तर आणखी सुकं घालायचं. पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की सुकं जवळजवळ दुप्पट लागतं आणि चिलटं होतात, तेव्हा वर कोकोपीटचा जाड थर द्यायचा. मासळीची खवलं, कोलंबीची सालं, तेलकट उरलंसुरलं मात्र बादलीत नको, आणि नारळाची शेंडी वर्षभर तशीच राहते.

आणि ओलं वेगळं झालं की सुकं आपोआप स्वच्छ राहतं, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. आमटीने माखलेला कागद कुठला भंगारवाला घेणार? दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो चिमुकला तुकडा कोणी वेचत नाही, थोडा लटकता ठेवा, पिशवी विसळून वाळवा, रद्दीवाला घेतो. सॅनिटरी पॅड आणि ब्लेड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, कारण आपला कचरा कोणीतरी बाई हाताने निवडत असते.

सुकी पानं कुठून आणायची असं विचाराल तर बिल्डिंगच्या खाली बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदामाच्या झाडाखाली पानांचा नुसता खच पडतो आणि तो गोणीत भरून गाडीत जातो. झाडणाऱ्या काकांना सांगून एक गोणी जिन्याखाली ठेवून घ्या, कोरडी राहिली तर दोन-तीन घरांना अख्खा पावसाळा पुरते.