बार्सिलोना ते सेव्हिल: विमान की रेल्वे, माझा अनुभव

ऑक्टोबर 2023 मध्ये आई-बाबांना घेऊन स्पेनला जायचे ठरले, तेव्हा बार्सिलोना आणि सेव्हिल ही दोन शहरे पक्की होती; त्यांच्यामधला प्रवास कशाने करायचा, यावर मात्र आमच्या पुण्याच्या घरात जवळजवळ दोन आठवडे चर्चा चालली. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे मत विचारण्याची गरज नव्हती. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला कमी वेळ आणि कमी चालणे हवे होते. हिशेब करण्याचे काम माझ्याकडे आले.

वरवर पाहता विमानाचीच बाजू भक्कम होती. बार्सिलोना ते सेव्हिल विमान पावणेदोन तासांच्या आत पोहोचते, तर थेट जाणाऱ्या वेगवान गाडीला सुमारे साडेपाच तास लागतात. शिवाय आमच्या तारखेला विमानाचे भाडे रेल्वेच्या निम्म्याहून थोडेच अधिक होते. परंतु त्या भाड्यात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येणार होती. तीन मोठ्या बॅगा, शेजारशेजारच्या जागा आणि विमानतळापर्यंत जाण्या-येण्याचा खर्च मिळवल्यावर दोन्ही रकमा जवळपास सारख्या झाल्या. रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीच्या गाडीत प्रत्येक प्रवाशाला तीन नगांपर्यंत, एकूण 25 किलो सामान तिकिटातच नेता येते.

त्यानंतर मी घरापासून घरापर्यंतचा वेळ मांडला. विमानासाठी खोलीतून विमानतळ, दोन तास आधीची हजेरी, उड्डाण, बॅगांची वाट आणि पुन्हा शहरात येणे धरून 5 तास 40 मिनिटे होत होती. आमची खोली बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकाजवळ असल्याने रेल्वेचा हिशेब 6 तास 45 मिनिटांवर आला. म्हणजे विमान तासाभराने सरसच होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र विमानाच्या त्या 5 तास 40 मिनिटांत आईला बऱ्याच वेळा उठबस करावी लागली असती, आणि गाडीत एकदा बसले की थेट सेव्हिललाच उतरायचे होते. या एका मुद्द्यावर आम्ही रेल्वे निवडली. स्पेनच्या वेगवान मार्गांचे जाळे प्रामुख्याने माद्रिदमधून फुटलेल्या फाट्यांचे आहे. प्रवासाचे एक टोक माद्रिद असेल, तर विमानाचा विचार करण्याचे मला कारण दिसत नाही, कारण बार्सिलोनाहून तिथे सर्वांत जलद गाडी अडीच तासांत जाते. याउलट बार्सिलोनाहून उत्तरेकडच्या बिल्बाओ शहराला जायचे असते, तर साडेसहा तासांहून अधिक काळ गाडीत बसण्यापेक्षा मी मुकाट्याने विमान घेतले असते.

तिकीट काढणे हा खरा कसोटीचा भाग ठरला. अर्जात नावापुढे पहिले आडनाव आणि दुसरे आडनाव असे दोन रकाने होते, कारण तिथे माणूस वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लावतो. आपल्याकडे मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते. आईने विचारले, "अगं, दुसऱ्या रकान्यात माझं माहेरचं आडनाव लिहायचं का?" पारपत्रावर ते नसल्यामुळे आम्ही तो रकाना रिकामा ठेवला आणि कुठे अडले नाही. अडले ते पैसे भरताना. बँकेचा ओटीपी येई, मी तो भरी, आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तीन वेळा असे झाल्यानंतर त्या दराची तिकिटे संपलेली दिसली. शेवटी थोडे कमिशन घेणाऱ्या दुसऱ्या एका संकेतस्थळावरून त्याच गाडीची तिकिटे काढली. सर्वांत स्वस्त दराचे तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे तारीख मी चार वेळा तपासली.

प्रवासाच्या दिवशी बाबांनी आम्हाला तासभर आधी स्थानकावर नेले. सांत्सचे फलाट जमिनीखाली आहेत आणि गाडीची वेळ जवळ आल्याशिवाय खाली सोडत नाहीत, हे त्यांना अजिबात पटले नाही. इंजिन न पाहता गाडीत बसायचे म्हणजे काय! वर मात्र सामान क्ष-किरण यंत्रातून जाते. आईच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची अर्धा किलोची बरणी होती. विमानाच्या हातातील सामानात शंभर मिलिलिटरच्या नियमाने तिचे काय झाले असते, ते सांगायला नको. इथे ती पट्ट्यावरून आत गेली आणि तशीच बाहेर आली. गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी प्रवेश बंद होतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

डब्यातील पडद्यावर वेग दिसत होता. वाटेतल्या सारागोसा शहराच्या अलीकडच्या उजाड, पिवळट माळावर तो आकडा ताशी 300 किलोमीटर झाला, तेव्हा बाबांनी त्याचा फोटो काढला आणि मग बराच वेळ ते रुळांविषयी बोलत राहिले. स्पेनच्या जुन्या मार्गांवर दोन रुळांमधले अंतर 1668 मिलिमीटर, म्हणजे आपल्या 1676 च्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम आठ मिलिमीटरने कमी. पण 1992 मध्ये सुरू झालेला माद्रिद-सेव्हिल हा पहिला वेगवान मार्ग बांधताना त्यांनी युरोपचे 1435 मिलिमीटरचे माप घेतले. "आपली गाडी इथल्या जुन्या रुळांवर आठ मिलिमीटरसाठी अडली असती," असे ते दोनदा म्हणाले. आमची गाडी माद्रिद शहरात न शिरता बाहेरून दक्षिणेकडे वळली. आईने सकाळी खोलीतल्या स्वयंपाकघरात, पुण्याहून आणलेल्या भाजणीची थालीपिठे लावली होती; ती आम्ही लोणच्याबरोबर खाल्ली आणि कोर्दोबा येईपर्यंत आई ऑलिव्हच्या रांगांकडे पाहत पाय लांब करून बसली.

सेव्हिलच्या सांता हुस्ता स्थानकातून टॅक्सीने खोलीवर पोहोचताच बाबांनी खिशातील डायरीत नोंद केली: दारापासून दारापर्यंत 6 तास 50 मिनिटे. माझा हिशेब पाच मिनिटांनी चुकला होता.