आमची वाटचाल: आठ मिलिमीटरची फट

एफडी, म्हणजे माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७, आली की मी आधी बॉनेट उघडून डाव्या बाजूला, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली हात घालतो. बोटं जिथे अडकतात तिथेच आपला घाम निघणार, हे लगेच कळतं. पिस्टनच्या इंजिनात बहुतेक वेळा इनटेक एकीकडे आणि एक्झॉस्ट दुसरीकडे असतो. तिच्या १३बी मध्ये, म्हणजे पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनात, दोन्ही एकाच अंगाला, एकावर एक. खाली ९०० अंशांच्या पुढे जाणारा एक्झॉस्ट आणि वर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी, म्हणजे रेल. कारखान्याने तिथे दोन लहान टर्बो, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे, कसेबसे कोंबले होते. आम्ही ते काढून एकच मोठा बसवतो. गेली कित्येक वर्षं आमच्या फर्मचं हेच काम आहे.

सुरुवात केली मी आणि माझ्या भागीदाराने. तो वेल्डर, मी फिटर. आमच्याकडे टिग वेल्डिंगचं मशीन होतं, जुनं लेथ होतं आणि एक मेलेलं १३बी होतं, रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, तुटून दोन्ही रोटरची घरं (हाउसिंग) ओरबाडलेलं. ते मेलेलं इंजिनच आमचं खरं भांडवल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची फ्लँज, म्हणजे इंजिनला जोडायची जाड पट्टी, आम्ही त्याच्यावर आवळूनच वेल्ड करायचो, म्हणजे ती उष्णतेने वाकत नाही. भागीदार नळीत आर्गॉन वायू सोडून आतली हवा बाहेर काढल्याशिवाय (पर्ज केल्याशिवाय) टॉर्च पेटवायचा नाही. रोटर दोन म्हणून नळ्याही दोन, आणि त्या टर्बोच्या टर्बाइनपर्यंत, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकापर्यंत, वेगळ्याच न्यायच्या, हा त्याचा हट्ट. त्याच्या वेल्डची शिवण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, एकावर एक सारख्या ठेवलेल्या नाण्यांसारखी.

इंजिनच्या आतल्या फटींबद्दल आम्हाला कधी कोणी बोल लावला नाही. एक्सेंट्रिक शाफ्टचा, म्हणजे रोटर ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, एंड प्ले (मागेपुढे सरकण्याची मोकळीक) ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर, डायल गेज लावून, दोनदा. नव्यांना एक सांगून ठेवतो: पुढचा बोल्ट सैल असताना शाफ्ट मागेपुढे हलू देऊ नका आणि क्लचच्या पेडलला पायही लावू देऊ नका. शाफ्टचा मागेपुढचा जोर झेलणारं थ्रस्टचं नीडल बेअरिंग जागेवरून घसरतं आणि बोल्ट आवळताना चिरडतं. मग अख्खं इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

आमचा घात बाहेरच्या फटीने केला.

आमचे पहिले गिऱ्हाईक गणिताचे शिक्षक होते. त्यांना आम्ही सरच म्हणतो. त्यांच्या गाडीत टर्बोचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) आणि बॉडीवर क्लँप केलेला पेट्रोलचा होज (रबरी नळी) यांच्यात मी ८ मिलिमीटर फट सोडली होती. इंजिन थंड, गाडी उभी, मापाला व्हर्निअर. मला ती पुरेशी वाटली. सर प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायचे. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की बारीक टक् होतं, असं त्यांनी दोनदा लिहून दाखवलं. मी म्हटलं, इंजिनखालचे रबरी माउंट नवीन आहेत, बसतील.

पुढे त्या गाडीला आग लागली. सरांनी गाडी बाजूला घेऊन स्वतःच अग्निशामकाने विझवली. त्यांना काही झालं नाही. गाडीचं वायरिंग, इनटेकचे होज, बॉनेटचा रंग, सगळं गेलं.

मी आणि भागीदार रात्रभर ती जळकी बाजू बघत बसलो. कारण सापडलं तेव्हा पोटात खड्डा पडला. स्टेनलेसच्या ४०० मिलिमीटर लांब नळीचं तापमान ८०० अंशांनी वाढलं की ती पाच-सहा मिलिमीटर लांबते, म्हणजे टर्बो तेवढा बाहेर सरकतो. शिवाय गाडीला जोर दिला की इंजिन रबरी माउंटवर कलतं आणि त्याची डावी बाजू उचलली जाते. होज मात्र बॉडीला धरून जागच्या जागी. आठातले सहा उष्णतेने खाल्ले, उरलेले दोन माउंटने. शील्डची कड दर वेळी होज करवतीसारखी कापत होती.

चूक माझी होती, ती मी कधीच झाकली नाही. पण आमच्याच धंद्यातल्या एकाने त्या जळक्या गाडीचे फोटो मिळवून आमच्या गिऱ्हाइकांना दाखवत फिरायचं, हे मला अजून पचलेलं नाही. त्याच माणसाला आम्ही आमच्या मेलेल्या इंजिनवर जिगची, म्हणजे नळ्या जागेवर धरून वेल्ड करायच्या साच्याची, मापं घेऊ दिली होती, तासभर शेजारी उभं राहून. महिनाभरात आमच्या चार गाड्या अर्धवट कामासकट उचलल्या गेल्या. लेथ विकलं. भागीदाराला घर चालवायचं होतं, तो पाइपलाइनच्या कामावर गेला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही.

सर मात्र परत आले. जळकी गाडी ओढून आणली आणि म्हणाले, "कारण तुम्हाला सापडलंय ना? मग दुसऱ्याकडे कशाला जाऊ?" आरएक्स-७ चं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, तशी दुसरी गाडी सहज मिळत नाही. तरी त्यांनी तीच माझ्या हाती दिली.

तिच्यावरच आम्ही आमची पद्धत बसवली. थंड इंजिनात मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे संशयाच्या जागी दाबायचे आणि लाकडी ठोकळा घालून जॅकने इंजिन माउंट अडेपर्यंत दोन्हीकडे कलवायचं. मग माती कापून जाडी मोजायची. पुढची चाचणी गरम इंजिनवर: शील्डच्या थंड बाजूला ॲल्युमिनियम फॉइलचा सैल बोळा ठेवून गाडी जोरात चालवून आणायची आणि चेपलेला बोळा व्हर्निअरमध्ये धरायचा. इंजिनवरच्याच दोन भागांत आम्ही १२ मिलिमीटर सोडतो, इंजिन आणि बॉडी यांच्यात २५. डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर स्टिअरिंगचा दांडाही त्याच बाजूने खाली जातो, तिथे याहून जास्त.

फट कमी पडली की लोक आधी टर्बोचं हाउसिंग फिरवतात. कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या भागाचं, तोंड हवं तिकडे वळवा, पण मधला भाग फिरवून तेलाची परतीची नळी आडवी करू नका. ते तेल नुसतं उतारानेच खाली येतं. तुंबलं की सीलमधून गळतं, आणि दोष मात्र टर्बोला लागतो. टर्बोच्या आधाराची पट्टीही दोन्ही टोकांना घट्ट आवळू नका. एका टोकाला लांबट भोक ठेवा, नाहीतर नळी लांबायला बघते, पट्टी लांबू देत नाही, आणि वेल्डशेजारी चीर जाते.

नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. लेथ पुन्हा घेतलं. फोटो दाखवत फिरणाऱ्याच्या हातची एक गाडी मध्यंतरी माझ्याकडे आली. शील्ड होजला टेकलं होतं, रबरावर चकाकता चरा होता. मी तो मालकाला बोटाने दाखवला, होज बदलला, क्लँप हलवला. कोणाचं काम होतं ते मी विचारलं नाही. नळ्यांच्या वळणांवरून मला आमची जिग ओळखू आली होती.

फॉइलचे बोळे मी टाकून देत नाही. प्रत्येकाला गाडीची चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो. सरांच्या गाडीतला परवाचा बोळा २७ मिलिमीटर भरला. त्यांनी तो आधी स्वतः मोजला, वहीत लिहिला आणि मगच माझ्या हातात दिला.