मेश्राम आणि झाडे यांची पट्टी

मी नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याच्या एका अडतीवर हिशेब लिहितो. बी.कॉम. झालेलो, आणि कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी आणि थोडं टॅली. शेतकऱ्याची पट्टी म्हणजे मालाची रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, आणि खाली हातात पडणारा आकडा. आंबिया बहाराचा माल यायला लागला की अशा पट्ट्या करता करता जेवायची शुद्ध राहत नाही. हे काम मशीनने करावं म्हणून मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. मे महिना निवडला, कारण तेव्हा संत्र्याला आवक नसते आणि कूलरच्या घरघरीत तसंही झोप लागत नाही.

पहिले तीन दिवस एका कंसात गेले. मी बघत होतो तो हिंदी व्हिडिओ जुना, पायथन २ चा. त्यात प्रिंटपुढे कंस नव्हता, माझ्याकडच्या पायथन ३ ला तो हवा होता. गंमत म्हणजे कंस राहिलाय असं एररमध्ये सरळ लिहिलं होतं. पण लाल अक्षरं दिसली की मी खिडकीच बंद करायचो.

पुढे बरं चाललं. नावं इंग्रजीत असेपर्यंत माझा प्रोग्राम बेरजा-वजाबाक्या नीट करत होता. मग अडतीवरची खरी फाइल घेतली, मराठी नावांची, गूगल शीट्समधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, करून उतरवलेली. ती उघडायलाच तयार नाही. ‘युनिकोड डिकोड एरर’, म्हणजे अक्षरं ओळखता येत नाहीत, आणि पुढे कुठल्याशा बाइटचा, फाइल ज्या बारीक तुकड्यांची बनते त्यातल्या एकाचा, नंबर.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला आणि प्रश्नोत्तरांच्या एका मोठ्या साइटवर टाकला. लिहिलं काय, तर ‘माय प्रोग्राम इज नॉट वर्किंग, प्लीज हेल्प अर्जंट’. दहा मिनिटांत प्रश्न बंद. असा प्रश्न आधी विचारला गेलाय, कोड फोटोत देऊ नका, वगैरे. आज वाटतं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तेव्हा भर चौकात कुणी टपली मारावी तसं झालं. नंतर एका मित्राने व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथे सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी कोर्सच्या जाहिराती, आणि रात्री एकजण म्हणाला, ‘दोन हजार दे भाऊ, करून देतो.’ दोन हजारात झालं असतंही. पण मग मी शिकलो काय?

शेवटी रेडिट या चर्चेच्या साइटवर, नवशिक्यांसाठी असलेल्या लर्नपायथन ग्रुपमध्ये गेलो. या वेळी दोन दिवस नुसतं वाचलं. कुणाला उत्तर मिळतं, कुणाला नाही, एवढंच पाहिलं. मग रात्री अकराला लिहिलं, कारण आपले अकरा म्हणजे न्यूयॉर्कची दुपार. इंग्रजी मोडकंच होतं. कोड मात्र फोटोत नाही, अक्षरांत दिला.

उत्तर आलं ते प्रश्न घेऊनच. पूर्ण एरर दे, नुसती शेवटची ओळ नको. विंडोज आहे का? आणि एकेका नावाची वेगळी छोटी फाइल करून बघ, कुठली अडते ते सांग. माझ्या इंग्रजीबद्दल चकार शब्द नाही. कोण होता, कुठला होता, आजही ठाऊक नाही.

बसलो फाइली करत. ‘रमेश’ची फाइल उघडली, पण नावाच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं. ‘ठाकरे’, ‘वानखेडे’, तेच. ‘मेश्राम’ मात्र धाडकन एरर, बाइट ८डी (बाइटचे नंबर असे आकडे आणि अक्षरं मिसळून लिहितात). मला वाटलं सापडलं, जोडाक्षर चालत नाही! लगेच तसं लिहून टाकलं. मग ‘झाडे’ची फाइल उघडली. जोडाक्षराचा पत्ता नाही, तरी एरर. या वेळी बाइट ९डी.

तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. फाइल यूटीएफ-८ मध्ये होती, म्हणजे जगातल्या सगळ्या लिपी बाइटांत लिहायच्या पद्धतीत, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. माझं विंडोज मात्र ती पश्चिम युरोपी भाषांच्या जुन्या तक्त्याने, सीपी १२५२ ने, वाचत होतं. त्या तक्त्यात पाच खाने रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ‘मेश्राम’च्या जोडाक्षरात लपलेल्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ‘झ’चा ९डी. म्हणून मेश्राम आणि झाडे अडायचे आणि रमेश नुसता विद्रूप व्हायचा. इलाज एवढाच, फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं सांगायचं. खरं सांगतो, उत्तरापेक्षा मला तो तक्ताच जास्त आवडला. रात्री दीडला वहीत आख्खी बाराखडी मांडून बसलो. ‘ए’, ‘ऐ’ आणि चंद्रबिंदूही त्याच खड्ड्यांत पडतात, हे मीच शोधलं आणि त्याला कळवलं. त्याने एक अंगठा पाठवला.

दुसरा प्रश्न विचारायला धाकधूक नव्हती. तयार झालेली फाइल एक्सेलमध्ये पुन्हा विस्कटत होती. एका ओळीची फाइल, सहा ओळींचा कोड आणि काय दिसायला हवं ते, एवढंच दिलं. चहा संपायच्या आत उत्तर: लिहिताना यूटीएफ-८-सिग वापर. सुरुवातीला ३ बाइटची एक खूण बसते, तिच्यावरून एक्सेल ओळखतं.

ऑक्टोबरात पहिली छापील पट्टी निघाली, नेमकी झाडेकाकांची. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, बोटाने एकेक ओळ वाचली.

‘नाव तं बरोबर हाय,’ ते म्हणाले. ‘पण हमाली दोनदा काहून कापली बाप्पा?’