एपिफनी प्रिन्स आणि आमची गाडीतली खडाजंगी

आज लेकीला घेऊन पिस्कॅटवेला (न्यू जर्सी) रटगर्स विद्यापीठाच्या मुलींची बास्केटबॉल मॅच बघायला गेले होते. एडिसनहून वीस मिनिटं. येताना तिने बॉम्ब टाकला, "आई, चार वर्षं कॉलेज केलंच पाहिजे का? प्रिन्सने नाही केलं."

बास्केटबॉलपटू एपिफनी प्रिन्स याच रटगर्सची. शाळेत असताना 2006 साली एका मॅचमध्ये एकटीने 113 पॉइंट! 2009 मध्ये तिसरं वर्ष संपवून ती थेट तुर्कस्तानात खेळायला गेली, आणि 2010 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात तेव्हा, शिकागोच्या संघाने तिला चौथ्या क्रमांकावर घेतलं. तेव्हा असं करणारी मुलगी म्हणजे अपूर्वाईच. अमेरिकन मुलीला डब्ल्यूएनबीएचं दार साधारण बाविशीत किंवा पदवीनंतरच उघडतं. परदेशी क्लबांना त्या नियमाचं काही देणंघेणं नाही.

मला तिचं बरोबरच वाटतं. तेव्हा कॉलेजात खेळून हातात दमडी पडत नव्हती. गुडघा गेला की खेळ संपला, मग कमावणार कधी? पण 2021 पासून खेळाडूंना शिकता शिकता जाहिरातींतून कमावता येतं. त्यामुळे आज मी "आधी डिग्री" म्हणेन. (सांगलीची आजी फोनवर हेच म्हणाली, फक्त तिच्या मते बास्केटबॉल हा टाइमपास आहे.)

लेक म्हणाली, "म्हणजे तू आजीच्या पार्टीत."

घरी येईपर्यंत अबोला. मग वरणभात खाऊन बाईसाहेब ड्राइव्हवेवर फ्री थ्रो मारायला गेल्या. अजून आवाज येतोय.